जमिनीखालचे लंडन बांधणारा माणूस

नवे घर बघायला निघालेले कुटुंब किती बारकाईने चौकशी करते! स्वयंपाकघरात उजेड येतो का, नळाला पाणी किती तास असते, शाळा किती लांब, स्टेशनपर्यंत रिक्षा मिळते का. आजीपासून नातवापर्यंत प्रत्येकाचा एकेक प्रश्न असतो. पण न्हाणीघराच्या जाळीतून खाली गेलेले पाणी पुढे कुठे जाते, हे विचारणारे कुटुंब मला तरी अजून भेटलेले नाही. वास्तविक घर राहण्यालायक आहे की नाही, हे त्या एका उत्तरावर ठरते. उत्तर चुकीचे असेल तर ते कळायला फक्त एक पावसाळा पुरतो.

माझी सारी नोकरी एका नगरपालिकेच्या जलनिस्सारण विभागात गेली. नव्या इमारतींचे पाण्याचे आणि सांडपाण्याचे नकाशे मंजुरीसाठी माझ्या टेबलावर येत. इमारतीचा नळ रस्त्यातल्या मुख्य वाहिनीपेक्षा वरच्या पातळीवर आहे ना, उतार पुरेसा आहे ना, मॅनहोल नेमके कुठे, हे तपासायचे आणि सही करायची किंवा शेरा मारून फाइल परत पाठवायची. समोरच्या बाकावर बिल्डरचा माणूस ताटकळत बसलेला असे. त्याच्यामागे न दिसणारी आणखी चाळीस कुटुंबे ताटकळत असत. सही लवकर केली तर चूक राहून जाण्याची भीती आणि उशिरा केली तर लोक घराविना. या कात्रीत सापडलेल्या मला एका इंग्रज इंजिनिअरच्या चरित्राने फार सोबत केली. त्यांचे नाव सर जोसेफ बॅझलजेट. लंडन शहराची गटारे बांधणारा माणूस, एवढीच त्यांची ओळख पुस्तकांत असते. मला मात्र ते आठवतात ते मंजुरीची वाट पाहणारा माणूस म्हणून.

बॅझलजेट यांचा जन्म २८ मार्च १८१९ चा, लंडनच्या उत्तरेला असलेल्या एनफिल्डचा. आडनाव फ्रेंच वाटते आणि ते आहेही फ्रेंच. आजोबा फ्रान्समधून इंग्लंडला आले, शिंप्याचा व्यवसाय केला आणि थेट युवराजांचे कपडे शिवण्यापर्यंत पोहोचले. वडील नौदलात अधिकारी. घरचे बरे होते, पण जोसेफ प्रकृतीने किरकोळ. सर जॉन मॅकनील या नामवंत इंजिनिअरच्या हाताखाली त्यांनी उमेदवारी केली आणि आयर्लंडमध्ये पाणथळ जमिनींचा निचरा करून त्या वापरात आणण्याचे काम शिकले. पाणी कुठे साठते, कुठे वळते आणि त्याला हळूच वाट कशी करून द्यायची, हे तिथे त्यांच्या हाताला कळले.

१८४२ साली त्यांनी लंडनमध्ये स्वतःचे ऑफिस थाटले. ते दिवस रेल्वेच्या वेडाचे होते. जो तो रेल्वे कंपनी काढत होता आणि प्रत्येक कंपनीला पार्लमेंटची मंजुरी हवी असे. त्यासाठी नकाशे, मोजण्या, अंदाजपत्रके ठरलेल्या तारखेच्या आत सादर करावी लागत. तरुण बॅझलजेट रात्रंदिवस हेच करत होते. शेवटी शरीर आणि मन दोन्ही थकले. कामधंदा बाजूला ठेवून त्यांना बराच काळ खेड्यात जाऊन विश्रांती घ्यावी लागली. तिशी गाठायच्या आत मोडून पडलेला हा माणूस पुढे चाळीस वर्षे एका शहराचा भार उचलील, असे तेव्हा कोणालाही वाटले नसते.

आता त्या वेळचे लंडन डोळ्यांपुढे आणू. वस्ती पंचवीस लाखांकडे चाललेली. घरांच्या तळघरांत आणि परसात मैल्याचे सुमारे दोन लाख हौद. ते उपसायला रात्री माणसे येत आणि मैला शेतकऱ्यांना खत म्हणून विकत. शहर वाढले, शेते लांब गेली, उपसण्याचा खर्च परवडेना. त्यातच श्रीमंतांच्या घरी पाण्याचे संडास आले. साखळी ओढली की घाण नजरेआड! पण त्या पाण्याने हौद भरून वाहू लागले. मग १८४८ नंतर हौद बंद करून घरे थेट रस्त्यातल्या गटारांना जोडण्याचा हुकूम निघाला. ही गटारे मुळात पावसाच्या पाण्यासाठी होती आणि ती सारी टेम्स नदीत उतरत. घरे स्वच्छ झाली आणि नदी नासली. पाणीपुरवठा करणाऱ्या कित्येक कंपन्या त्याच नदीचे पाणी उचलून लोकांच्या घरी पोहोचवत होत्या.

परिणाम व्हायचा तोच झाला. बंगालमध्ये १८१७ साली उसळलेला कॉलरा खंड ओलांडत १८३१-३२ मध्ये इंग्लंडला पोहोचला होता. १८४८-४९ च्या साथीत एकट्या लंडनमध्ये चौदा हजारांवर माणसे गेली. १८५३-५४ मध्ये पुन्हा दहा हजारांवर. डॉ. जॉन स्नो यांनी १८५४ मध्ये ब्रॉड स्ट्रीटवरच्या हातपंपाकडे बोट दाखवून, रोग पाण्यातून पसरतो, हे मांडले. पण बहुतेक डॉक्टरांची आणि अधिकाऱ्यांची समजूत, रोग दुर्गंधीतून होतो, अशीच होती. बॅझलजेट यांच्या वरिष्ठांनाही तेच पटलेले होते.

ऑगस्ट १८४९ मध्ये, साथ ऐन भरात असताना, बॅझलजेट गटार आयोगात साहाय्यक सर्वेक्षक म्हणून रुजू झाले. १८४८ ते १८५५ या काळात असे सहा आयोग नेमले गेले. एक आला, भांडला आणि गेला, की दुसरा. लोकांकडून योजना मागवल्या तर शंभराहून अधिक आल्या. त्या वाचायच्या कोणी, या प्रश्नावर पुन्हा वाद. मुख्य इंजिनिअर फ्रँक फॉर्स्टर या ओढाताणीत खचले आणि १८५२ मध्ये वारले. त्यांची खुर्ची बॅझलजेट यांच्याकडे आली. ज्या खुर्चीने आधीच्या माणसाचा जीव घेतला तिच्यावर, एकदा मोडून पडलेला माणूस शांतपणे येऊन बसला. मला या क्षणाचे नेहमी आश्चर्य वाटते.

१८५५ मध्ये पार्लमेंटने कायदा करून साऱ्या लंडनसाठी एक मंडळ स्थापले, मेट्रोपॉलिटन बोर्ड ऑफ वर्क्स. १८५६ च्या जानेवारीत बॅझलजेट त्याचे मुख्य इंजिनिअर झाले. हा कायदा आपल्या ओळखीचा वाटेल. नव्या घराला गटाराची जोडणी असल्याशिवाय ते बांधता येणार नाही. पाया खणण्याआधी स्थानिक मंडळाला लेखी सूचना द्यायची. स्थानिक मंडळाला नवे गटार घालायचे असेल तर त्याचा नकाशा मुख्य मंडळाकडून मंजूर करून घ्यायचा. लंडनच्या कडेला तेव्हा शेतांवर घरांच्या रांगा उठत होत्या. जमीनमालक रस्ते आखत होते, बांधकाम ठेकेदार भराभर विटा रचत होते. त्या साऱ्यांची गटारे शेवटी कुठल्या खोलीवर, किती उताराने, कोणत्या वाहिनीला मिळणार, याचा मेळ बॅझलजेट यांच्या ऑफिसात घालायचा होता. आपल्याकडे बांधकाम परवानगीपासून भोगवटा प्रमाणपत्रापर्यंतची जी वाट असते, तिचेच हे जुने रूप.

पण गंमत अशी, की दुसऱ्यांना मंजुरी देणाऱ्या या मंडळाला स्वतःच्या मुख्य योजनेसाठी सरकारची मंजुरी लागत होती!

योजना थोडक्यात अशी होती. शहरातली जुनी गटारे उत्तर-दक्षिण वाहत नदीत पडत. बॅझलजेट यांनी ठरवले, की नदीला समांतर, पश्चिमेकडून पूर्वेकडे जाणाऱ्या मोठ्या वाहिन्या घालायच्या. जुन्या गटारांचे पाणी नदीत पडण्याआधी या वाहिन्या अडवून घेतील आणि शहराच्या खाली, पूर्वेला नेऊन सोडतील. जिथे सखल भाग आहे तिथे वाफेच्या पंपांनी पाणी वर उचलायचे. टाक्यांत साठवायचे आणि ओहोटी लागली की सोडायचे, म्हणजे ते समुद्राकडे जाईल.

कायद्यात मात्र एक वाक्य होते. शहराची घाण शहरात किंवा शहराजवळ टेम्समध्ये जाता कामा नये, आणि योजना सरकारच्या बांधकाम खात्याने मान्य केली पाहिजे. आता जवळ म्हणजे किती जवळ? खात्याचे प्रमुख सर बेंजामिन हॉल यांनी १८५६ मध्ये बॅझलजेट यांचा नकाशा परत पाठवला. तुम्ही सोडलेली घाण भरतीबरोबर पुन्हा शहरात येईल, असा त्यांचा आक्षेप. मंडळाने मुख जरा पुढे नेले. तेही पसंत पडले नाही. मग हॉल यांनी तीन तज्ज्ञांची समिती नेमली. तिने १८५७ मध्ये अहवाल दिला, की मुख समुद्राच्या दिशेने बरेच पुढे न्या. खर्च बॅझलजेट यांच्या अंदाजाच्या सुमारे दुप्पट. हा वाढीव पैसा कोणी द्यायचा? मंडळ म्हणे सरकारने, सरकार म्हणे लंडनकरांनी. अहवालावर अहवाल, त्यावर प्रति-अहवाल. अडीच वर्षे अशी गेली आणि एकही वीट बसली नाही.

नोकरीत असताना मी हे पहिल्यांदा वाचले तेव्हा हॉलसाहेबांचा मला राग आला नाही. त्यांची शंका खोटी नव्हती, आणि ती किती खरी होती ते पुढे दिसलेच. पण खऱ्या शंकेचीही एक किंमत असते. निर्दोष योजनेची वाट पाहताना रोज तीच घाण शहराच्या मधोमध वाहत राहते. मंजुरी देणाऱ्याच्या टेबलावर तराजूची दोन पारडी असतात. एकात चूक होण्याचा धोका आणि दुसऱ्यात काहीच न होण्याचा. दुसरे पारडे रिकामे दिसते, कारण त्यातली माणसे ऑफिसात येऊन बसत नाहीत.

शेवटी मंजुरी मिळवून दिली ती उन्हाने. १८५८ चा जून भयंकर तापला. नदी आटली, काठचा मैला उघडा पडला आणि असा दर्प सुटला, की त्या उन्हाळ्याचे नावच महादुर्गंधी असे पडले. पार्लमेंटची इमारत नदीकाठी. खिडक्यांचे पडदे चुन्याच्या क्लोराइडमध्ये भिजवून टांगले, तरी सभासद नाकाला रुमाल लावून पळत होते. वर्षानुवर्षे गरीब वस्त्यांनी सोसलेली गोष्ट आता कायदे करणाऱ्यांच्या नाकाशी आली. अर्थमंत्री डिझरायली यांनी १५ जुलैला विधेयक मांडले आणि २ ऑगस्टला त्याचा कायदा झाला. अठरा दिवसांत! मंडळाला तीस लाख पौंड कर्ज उभारण्याची मुभा मिळाली, ते फेडायला घरपट्टीवर कर बसला आणि सरकारी खात्याचा नकाराधिकार गेला. घाण शहरात जाता कामा नये, या अटीपुढे शक्य असेल तितपत, एवढे शब्द जोडले गेले. अडीच वर्षांचा तिढा या शब्दांनी सोडवला. पाण्याचा दोष ओळखणारे डॉ. स्नो मात्र त्याच जून महिन्यात वारले होते.

पुढची हकिकत कष्टांची आहे. १८५९ मध्ये काम सुरू झाले. गजबजलेल्या रस्त्यांखालून, घरांच्या पायांना धक्का न लावता, कालवे आणि रेल्वेचे रूळ चुकवत ८२ मैलांच्या मुख्य वाहिन्या गेल्या. एकतीस कोटी ऐंशी लाख विटा लागल्या. वाहिन्यांचा आकार अंड्यासारखा, निमुळती बाजू खाली. पाणी कमी असले तरी तळाशी ते वेगाने वाहते आणि गाळ धरत नाही. उतार मैलाला सुमारे दोन फूट. इतका सूक्ष्म उतार मैलोन्‌मैल राखणे म्हणजे काय, हे ज्याने पातळी काढण्याच्या दुर्बिणीतून पाहिले आहे त्याला विचारा. पोर्टलंड सिमेंट तेव्हा नवे होते, ठेकेदारांचा त्यावर विश्वास नव्हता. पाण्याखाली ते अधिक घट्ट होते म्हणून बॅझलजेट यांनी ते निवडले, पण आलेला माल ताण देऊन तपासल्याशिवाय वापरू दिला नाही. त्या विटकामातले पुष्कळसे आजही उभे आहे आणि वापरात आहे.

आणखी एक शहाणपण त्यांनी केले. मोजमाप त्या दिवशीच्या लोकवस्तीवर धरले नाही. लंडन वाढून साडेचौतीस लाखांचे होईल, असा हिशेब मांडला आणि वाहिन्या तशा ऐसपैस घेतल्या. पुढे वस्ती त्याच्याही पलीकडे गेली, तरी त्या पुरल्या. नव्या वसाहतीचा नकाशा बघताना मी आमच्या तरुण इंजिनिअरांना हेच सांगत असे. आज वीस इमारती आहेत म्हणून वीस इमारतींचा नळ घालू नका. रस्ता पुन्हा खणणे हे पाप आहे आणि ते महागही पडते.

१८६५ च्या एप्रिलमध्ये क्रॉसनेस येथील पंपगृहाचे उद्घाटन खुद्द युवराजांनी केले. ज्या घराण्यातल्या युवराजांचे कपडे बॅझलजेट यांच्या आजोबांनी शिवले होते, ते हेच घराणे! पाठोपाठ नदीकाठी व्हिक्टोरिया, अल्बर्ट आणि चेल्सी हे बांध उभे राहिले. चिखलाच्या जागी रुंद रस्ते आणि बागा आल्या. व्हिक्टोरिया बांधाच्या पोटात मुख्य वाहिनी आणि भुयारी रेल्वे दोन्ही मावल्या. पर्यटक तिथे उभे राहून नदीचे फोटो काढतात. पायांखाली काय वाहते, हे त्यांच्या गावीही नसते.

कसोटीची घडी १८६६ मध्ये आली. कॉलरा पुन्हा लंडनमध्ये शिरला. पण या वेळी तो पसरला मुख्यतः पूर्व भागात, आणि तिथे बॅझलजेट यांची वाहिनी पूर्ण व्हायची होती. पाणी कंपनीचा दूषित पुरवठा हे त्याचे कारण ठरले. पाच हजारांवर माणसे गेली. जिथे काम पूर्ण होते तो भाग बहुतांशी वाचला. त्यानंतर लंडनमध्ये कॉलऱ्याची मोठी साथ कधीच आली नाही. १८९२ मध्ये हॅम्बर्गला कॉलऱ्याने आठ हजारांवर माणसे मारली, तेव्हा लंडन सुरक्षित राहिले. वास घालवण्यासाठी बांधलेल्या गटारांनी पाणी स्वच्छ केले. कारण चुकीचे, उपाय बरोबर.

पण गोष्ट इथेच संपवली तर ती अर्धी राहील. १८७८ च्या ३ सप्टेंबरला संध्याकाळी प्रिन्सेस अ‍ॅलिस ही सहलीची आगबोट, नेमकी त्या मुखांच्या परिसरात, कोळशाच्या जहाजावर आदळून बुडाली. सहाशेहून अधिक माणसे गेली. त्यांत बायका-मुले पुष्कळ होती. ओहोटी लागल्यामुळे तासाभरापूर्वीच टाक्या नदीत सोडलेल्या होत्या. घाण पाण्यात पडलेल्यांचा टिकाव लागला नाही, असे लोक म्हणू लागले. हॉलसाहेबांची शंका वीस वर्षांनी परत आली. मग चौकशी आयोग बसला आणि १८८७ पासून गाळ वेगळा करून जहाजांनी समुद्रात नेण्याची पद्धत सुरू झाली. म्हणजे मंजूर झालेली योजना अपुरी होती. पण ती झाली नसती, तर सुधारायला काही उरलेच नसते.

बॅझलजेट यांना सर हा किताब मिळाला, इंजिनिअरांच्या संस्थेचे अध्यक्षपदही मिळाले. त्यांच्या मंडळाचा शेवट मात्र चांगला झाला नाही. मंडळाच्या जागा भाड्याने देण्याच्या व्यवहारांत काही अधिकाऱ्यांनी पैसे खाल्ल्याचे चौकशीत उघड झाले आणि १८८९ मध्ये मंडळच बरखास्त झाले. मंजुरीच्या खुर्चीला ही कीड कुठल्याही देशात लागते. तेहतीस वर्षे त्या मंडळात राहून, कोट्यवधी विटांचे ठेके हाताखालून जाऊनही मुख्य इंजिनिअरवर तो डाग पडला नाही. ते त्याच वर्षी निवृत्त झाले आणि १५ मार्च १८९१ रोजी विम्बल्डन येथे वारले. व्हिक्टोरिया बांधावर त्यांचे लहानसे स्मारक आहे.

त्यांचे लंडन आज नव्वद लाखांच्या घरात आहे. जोराचा पाऊस झाला की त्यांच्या वाहिन्या भरून नदीत उतू जात. त्यासाठी टेम्सच्या खालून पंचवीस किलोमीटरचा नवा बोगदा खणला गेला आणि २०२५ मध्ये तो पूर्णपणे जोडला गेला. दीडशे वर्षांनी दुसरी मंजुरी लागली, असेच म्हणायचे.

लंडनमध्ये बॅझलजेट वाहिन्या घालत होते, त्याच सुमारास, १८६० मध्ये, विहार तलावाचे पाणी नळाने मुंबईत आले. पाणी आल्याचा आनंद मोठा होता. पण वापरलेले पाणी वाहून नेणारी गटारे काही त्या वेगाने आली नाहीत. आणलेल्या पाण्याला परतीची वाटही द्यावी लागते, हा धडा आपली वाढती शहरे अजून गिरवत आहेत. नव्या वसाहतीच्या जाहिरातीत तरणतलाव दिसतो, मुख्य मलवाहिनी दिसत नाही. टँकर पुढच्या दाराने येतो आणि सेप्टिक टँक उपसणारी गाडी मागच्या दाराने.

म्हणून वाचकहो, पुढच्या वेळी घर बघायला जाल तेव्हा एक प्रश्न जरूर विचारा. सांडपाणी कुठे जाते, आणि त्याचा मंजूर नकाशा दाखवता का? विचारायला थोडा संकोच वाटेल. विक्री ऑफिसातला मुलगा कदाचित गोंधळेल. पण चाळीस कुटुंबांनी हा प्रश्न विचारला, तर तो नकाशा नीट काढला जाईल आणि मंजुरीच्या टेबलावरही तो नीट वाचला जाईल.